सगळं बापाचं

माझी जीभ आणि माझा हात, दोन्ही लवकर सुटतात. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप घाला आणि किल्ली विहिरीत टाका. चंदीगडच्या त्या वर्षात दोन्ही सुटले आणि दोन्हींचा मार दुसऱ्याच बाईच्या अंगावर पडला. ही हकिकत तिची आहे, आणि तिच्या सासूची. माझी त्यात आहे ती फक्त चूक.

मी कोल्हापूरकडची. चंदीगडला आले ती एका मोठ्या इस्पितळाच्या क्रोमोसोम लॅबमध्ये नोकरीला. पडलेले गर्भ आमच्याकडे यायचे, सलाइनच्या बाटलीत. त्यातल्या पेशी आम्ही वाढवायचो, काचेवर फोडायचो, रंगवायचो आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून क्रोमोसोम मोजत बसायचो. एखाद्या इंटर्नने सवयीने फॉर्मलिनमध्ये घालून पाठवलं की पेशी मेल्या, खेळ खलास. मग मी वॉर्डात जाऊन हिंदी, मराठी, पंजाबी सगळ्यांतून असा काही उद्धार करायची की सिस्टरांनी मला मिर्ची मॅडम म्हणायला सुरुवात केली. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. देश खुला झाला म्हणत होते. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की शहराबाहेर डेराबस्सीला एकामागून एक औषधांचे कारखाने उभे राहतायत आणि आपल्याकडची पोरं तिथं केमिस्ट म्हणून येतायत. त्यातलाच तो एक. साताऱ्याकडचा, एमएस्सी झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट, वडीलधाऱ्यांशी वाकून बोलणार. बायको बावीस वर्षांची, बारावी झालेली. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. परमुलखात मराठी कानावर पडलं की माणूस आपला वाटायला लागतो, मग तो कसा का असेना. त्यांचं बिऱ्हाड माझ्या क्वार्टरपासून दोन सेक्टर पलीकडे, एका सरदारजींच्या घराच्या वरच्या मजल्यावर. त्याची आई बरोबर राहायची. गावी जाऊन आली की माझ्यासाठी कांदा-लसूण मसाल्याचा वेगळा डबा आणायची. मी त्यांना मावशी म्हणायची, सून आत्या म्हणायची. त्या मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. मी डॉक्टर नाही हे मी दहा वेळा सांगितलं होतं.

तो तिला मारायचा. हे मला पहिल्या उन्हाळ्यातच कळलं. जूनमध्ये चंदीगडला अंगाची लाही लाही होते आणि ही कोपराखाली येणाऱ्या बाह्या घालून फिरायची. विचारलं तर म्हणे, "दार लागलं, ताई." दार! दोन खोल्यांच्या घरात असून असून दारं किती असणार? मी मावशींकडे बघितलं. मावशी तांदूळ निवडत राहिल्या.

श्रावणात तिला दिवस राहिले. तिसऱ्या महिन्यातच पोट पाचव्यासारखं दिसायला लागलं, उलट्यांनी पाणी ठरेना. मावशी खूष. जुळं हाय, म्हणाल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी रोज तेच बघत होते ना! पण आपल्या माणसाचं पोट आपण त्या डोळ्यांनी बघत नाही. दसरा झाला आणि एके सकाळी रक्त जायला लागलं. सोनोग्राफीत पोर नव्हतंच. पडद्यावर नुसता पांढरा भुगा. सक्शन लावून सगळं काढलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, आणि दुपारी ती बाटली माझ्याच टेबलावर आली.

त्याला मोल म्हणतात. पुस्तकात द्राक्षांचा घोस लिहिलेलं असतं. माझ्या मते तो भिजवलेला साबुदाणा, रक्तात भिजवलेला. हात नाही, पाय नाही, काळीज नाही. नुसती वार, पोराला पोसते ती, फुगून फुगून वाढलेली.

आता हे काय असतं ते सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. पोराला अर्धे क्रोमोसोम आईचे मिळतात, अर्धे बापाचे. आणि काही जनुकं अशी असतात की ती बापाकडून आली तरच चालू राहतात, आईकडून आली तर बंद. काहींचं बरोबर उलटं. बापाकडची ओढून घेतात. वार वाढव, आईच्या रक्तवाहिन्यांत घूस, आणखी रक्त आण. आईकडची म्हणतात, पुरे, मलाही जगायचंय. या ओढाताणीतूनच पोर नीट वाढतं. पण कधी कधी अंड्यातला आईचा वाटा गळून जातो, कुणाच्याही चुकीशिवाय, आणि आत शिरलेला बापाचा वाटा स्वतःची दुप्पट करून एकटाच वाढत सुटतो. पुरे म्हणायला कुणी उरत नाही. पोर होत नाही, नुसती खाणारी वार होते. काढून टाकली तरी एखादी पेशी मागे राहते, आणि ती फुप्फुसापर्यंत जाऊ शकते.

म्हणून डॉक्टरांनी घरी सोडताना दोघांना बजावलं होतं. दर आठवड्याला रक्त द्यायचं. त्या पेशी जे हार्मोन रक्तात सोडतात त्याचा आकडा बघायचा, त्याला आम्ही नुसतं बीटा म्हणतो. बीटा उतरून नॉर्मल झाला की पुढं वर्षभर दर महिन्याला तपासायचा. आणि या काळात दिवस राहायला नकोत, कारण गरोदरपणातही बीटा वाढतो. मग तो पोराचा की रोगाचा हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि कळेपर्यंत बाई गेलेली असेल. एक वर्ष. तिचा जीव त्या एका वर्षावर टांगलेला होता.

मी नवरा-बायको दोघांचं रक्त घेतलं होतं. आमच्या लॅबची ती पद्धत. पेशीत कुणाचा किती वाटा आहे हे दोघांशी ताडून बघावं लागतं. महिन्याभरानं निकाल आला. सगळं बापाचं.

नियम असा की रिपोर्ट पाकिटात घालून डॉक्टरांकडे द्यायचा. डॉक्टर ओपीडीत, मोजून मापून, काय सांगायचं ते सांगतील. पण ही आपली माणसं ना! रविवारी मी सकाळीच त्यांच्याकडे गेले. पोहे झाले होते. मावशी कणीक मळता मळता सुनेला सुनावत होत्या, "गिरानात इळी हातात घिऊ नगं म्हनलं हुतं का न्हाई? पयलं पोर खाल्लंस." ती खाली मान घालून ओट्याशी उभी. चार आठवडे बीटा छान उतरत होता, पण पोरगी वाळून काटकी झाली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मावशी, पुरे!" मी म्हटलं. "हिचं काहीच नव्हतं त्यात. अंडं रिकामं होतं. जे वाढलं ते सगळं बापाचं."

मावशींचा हात परातीत थांबला. तो पोह्याची बशी घेऊन बसला होता. त्यानं बशी खाली ठेवली.

"पक्कं ना, मॅडम?"

"पक्कं. तुमच्या रक्ताशी जुळवून बघितलंय."

तो हसला. मला वाटलं, शिकलेला माणूस, पटलं त्याला. मी आणखी पंधरा मिनिटं जनुकं समजावली, चहा घेतला आणि मोठा पराक्रम केल्यासारखी स्कूटरवरून घरी आले. पोरीला निर्दोष सोडवून आले होते ना मी!

पुढच्या आठवड्यात ती रक्त द्यायला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी सुई आणि बाटल्या पर्समध्ये टाकून त्यांच्याकडे गेले. डिसेंबरचं धुकं होतं, म्हणून हेल्मेट घातलं होतं. जिना चढून ते हातात घेतलं आणि दार वाजवलं. दार त्यानं उघडलं. त्याच्या खांद्यामागे ती उभी होती. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, वेणीतले केस एका बाजूनं उपटलेले.

"तिचं रक्त घ्यायचंय," मी म्हटलं.

"कशाला?" तो शांतपणे म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना, रिकामी आहे म्हणून? रिकाम्या भांड्याची काय तपासणी करता?"

माझंच वाक्य. माझ्या तोंडून निघालेलं, त्याच्या तोंडात जाऊन बसलेलं. पोरगी मागून कुजबुजली, "ताई, रोज हेच म्हणतात. म्हणतात आणि मारतात."

"तू गप," तो म्हणाला, आणि मागे न बघता कोपर मारलं. तिच्या छातीत बसलं. मग मला म्हणाला, "पोर तर मी करून दाखवणारच. याच वर्षी. धडधाकट. मग कळेल आईला की दोष कुणाचा होता."

तेव्हा मला कळलं की त्या रविवारी त्यानं काय ऐकलं होतं. मी बायकोला सोडवलं, ते त्याला त्याच्या आईसमोर पकडल्यासारखं लागलं. सगळं तुझं, म्हणजे ही घाण तुझी. आणि ते झाकायला त्यानं माझ्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग उचलला, की बाई रिकामी.

मी हेल्मेट फिरवलं. विचार करून नाही. त्याच्या नाकावर बसलं, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि खरं सांगते, तो आवाज मला गोड लागला. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओघळलं. त्यानं मला जिन्यावरून ढकललं. मी आठ पायऱ्या गडगडत खाली आले, गुडघा फुटला. वर दार आपटलं, आणि आत सुरू झालं. मी पुन्हा चढून दारावर लाथा घातल्या, सरदारीण बिचारी खालून ओरडत होती, पण दार काही उघडलं नाही. माझ्या एका फटक्याचे तिला किती पडले ते मी पुढं कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

दहा-बारा दिवस गेले. मी दोनदा जाऊन आले, दाराला बाहेरून कुलूप असायचं. मग एका दुपारी लॅबचा शिपाई सांगत आला की खाली रिक्षात कुणी म्हाताऱ्या बाई तुम्हाला बोलावतायत. सायकलरिक्षात मावशी होत्या. मांडीवर गोधडीत गुंडाळलेली सून, गोधडी खालून लाल. मावशींची भुवई फाटली होती, रक्त वाळून डोळ्यावर पापुद्रा धरला होता.

"लाथा घातल्या पोटात," त्या म्हणाल्या. "तिनं अंगाला हात लावू दिला न्हाई म्हनून. वरीस व्हायचंय, आसं डागदरांनी सांगितलंय, म्हनाली त्येला. मी मधी पडले. आमाला कोंडून कारखान्यात गेला तवा मागल्या खिडकीची जाळी उचकाटली नि सरदारनीला हाक मारून कुलूप फोडाय लावलं. पाटुंगळी घिऊन जिना उतरले."

साठीच्या बाईनं सुनेला पाठीवर घेऊन जिना उतरला होता.

बीटा कित्येक पटींनी चढलेला निघाला. एक्स-रेत फुप्फुसावर एक ठिपका. दिवस गेलेले नव्हते, रोगच उठला होता. पण इंजेक्शनांनी तो बरा होतो, आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी सुरू केली. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मी मावशींची भुवई स्पिरिटनं पुसत होते.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमी म्हनला ते माज्या डोस्क्यातनं जाईना. समदं बापाचं. ह्येचा बाप बी आसाच हुता. माजे तीन दात त्यानं पाडलं. मी म्हनायची, पोरगं माजं हाय, माज्यावानी व्हईल. कुठलं काय! त्याच्यात माजं कायबी न्हाई उतरलं."

"मावशी, असं नसतं हो," मी म्हटलं. "ते फक्त त्या गोळ्यात. माणसात अर्धं आईचं असतंच."

"मंग माजं अर्धं कुठं गेलं?"

मी कापसाचा नवा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुन्हा भुवई पुसायला लागले.

इंजेक्शनं चालू होती तोवर दोघी माझ्या क्वार्टरमध्ये राहिल्या. पोरीच्या तोंडात फोड आले, केस विरळ झाले. मावशी तिला पातळ पेज चमच्यानं भरवायच्या आणि ग्रहणाचं नाव काढत नव्हत्या. तो दोनदा येऊन दारावर लाथा घालून गेला. बीटा उतरत उतरत नॉर्मल झाला, ठिपका गेला. आता ते वर्ष सुरू होणार होतं. पहिल्या दिवसापासून.

पोरीला मी कोल्हापूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे पाठवायचं ठरवलं. तिथं रक्त घ्यायची सोय होती, आणि त्याला तो पत्ता माहीत नव्हता. तिला गाडीत बसवून परत आलो तर मावशी पिशवी भरायला लागल्या.

"कुठं?"

"घरला. पोराकडं."

"वेड लागलंय का तुम्हाला? जीव घेईल तो तुमचा!" मी पिशवी हिसकावली, पातेली भिरकावली, शिव्या दिल्या. मावशींनी पातेली उचलून जाग्यावर ठेवली.

"आवं, मी न्हाई गेले तर त्यो हुडकत फिरंल. आदी तिच्या बापाचं दार, मंग समदी पावनी, मंग तुमचं गाव. मी घरात आसले तर त्येला वाटंल, पत्त्या म्हातारीकडं हाय, आज ना उद्या बोलंल. तवर दुसरीकडं जायाचा न्हाई. वरीस लागतंय न्हवं? वरीस मी काढते. मला सवं हाय."

मी रडले. हातापाया पडले. त्या गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की पोरीला सांगा, आत्या गावाला गेली.

त्यानंतर दर महिन्याला पहिल्या मंगळवारी, तो कारखान्यात असताना, मावशी लॅबच्या दाराशी यायच्या. बहिणीकडून बीटाचा आकडा मला फोनवर आलेला असायचा. "काय आला?" त्या विचारायच्या. "नॉर्मल." मान हलवून निघायच्या. एकदा कान सुजलेला होता. एकदा लंगडत होत्या. पावसाळ्यात एकदा मानेवर चटका, उलथन्याच्या आकाराचा. मी त्यांना धरून ठेवायची, पोलिसात चला म्हणायची. "किती म्हैनं ऱ्हायलं?" एवढंच उत्तर. सहा. पाच. चार. तिकडे बहिणीनं पोरीला बालवाडीत मदतनीस म्हणून लावलं होतं, ती खिदळायला लागली होती, फोनवर तिच्या मागे पोरांचा गलका ऐकू यायचा.

बाराव्या मंगळवारी मावशी आल्या तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"नॉर्मल," मी म्हटलं. "शेवटचा. झालं, मावशी. आता मासिक तपासणी बंद."

त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "आता तिला फोन लावा. तुमच्या तोंडानं सांगा, तिच्यात कायबी उनं नव्हतं. तवा तुमीच रिकामं म्हनला हुता. ते मागं घ्या."

आम्ही समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. मी नंबर लावला. पोरीनं उचलला. मी म्हटलं, "आकडा नॉर्मल आहे. संपलं. आणि ऐक, मी त्या दिवशी जे बोलले ते चुकीचं बोलले. तू रिकामी नव्हतीस, कधीच नव्हतीस. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं." ती पलीकडे रडत होती. मग तिनं विचारलं, "ताई, आत्या कशा आहेत? गावालाच आहेत ना?"

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी प्लास्टरचा हात पदराखाली घेतला आणि होकाराची मान हलवली.

"हो," मी म्हटलं. "गावालाच आहेत. मजेत आहेत."

फोन ठेवला. मावशींनी डाव्या हातानं पदर खोचला.

"आता तेवढं खरं करा," म्हणाल्या. "मला गावची गाडी बघून द्या."